अधिवेशनाची तारीख

राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन २८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईस भरले. ठरले होते पुण्यास. तेथे पटकीची साथ आली. (रोगानेही इतिहासाला जागा बदलायला लावली, हे आम्हा डॉक्टरांना विसरता येत नाही.) महिना मात्र डिसेंबरच राहिला, कारण नाताळात कोर्टे बंद असत आणि प्रतिनिधींत वकील पुष्कळ. तारीख कोणाच्या सोयीची, यावरून सभा कोणाची हे कळते.

१९२९ साली लाहोरच्या कडाक्याच्या थंडीत गोरगरिबांचे हाल झाले. तेव्हा गांधीजींच्या आग्रहाने अधिवेशन फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्यायचे ठरले. कराची १९३१ च्या मार्चमध्ये झाली. पण डिसेंबर १९३६ मध्ये, खानदेशातल्या फैजपूरला, जुना महिना परतला. खेड्यातले ते पहिले अधिवेशन. प्रांतिक निवडणुका तोंडावर होत्या.

आपल्या इंदुरास जानेवारी १९५७ मध्ये उच्छंगराय ढेबरांच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन झाले, तेव्हाही तसेच. मतदान २४ फेब्रुवारीपासून. ठराव गावोगाव समजावून सांगायला दोन महिनेही नव्हते. माझ्या मते वकिलांच्या सुट्टीची जागा आता मतपेटीने घेतली होती. शेतकऱ्याची सवड पुन्हा कोणी विचारली नाही.