रांगेतली स्कूटर, मेळाव्यातली स्कूटर

चुनाभट्टीकडून निघून कलियासोत नदीवरून पुढे गोल जोडपर्यंत जाणारा भोपाळचा कोलार रोड आता सहापदरी झाला आहे. त्याच्या दोन्ही अंगांना सर्वधर्म, बीमाकुंज, दानिशकुंज, मंदाकिनी अशा वसाहती पसरल्या आहेत. निवृत्त सरकारी नोकरांची वस्ती इथे बरीच, आणि त्यांत मराठी आडनावांच्या पाट्याही अधूनमधून दिसतात. अशा घरांच्या पोर्चमध्ये, गाडीच्या मागे, फाटक्या ताडपत्रीखाली एखादी चेतक, प्रिया किंवा विजय सुपर उभी असते. तिच्या सीटचा स्पंज बाहेर आलेला असतो आणि घरातला प्रत्येक जण ती भंगारात द्यायची तारीख पुढे ढकलत असतो. याच स्कूटरच्या युरोपातल्या सख्ख्या बहिणी दर वर्षी रंगरंगोटी करून, पुढच्या ढालीवर क्लबांचे बिल्ले मिरवत, देशांच्या सीमा ओलांडून आंतरराष्ट्रीय मेळाव्यांना जातात. यंत्र एकच, घराणेही एकच. मग नशिबे इतकी वेगळी का झाली, हे समजून घ्यायचे तर आपल्याला शंभरेक वर्षे मागे जावे लागेल.

स्कूटरचा जन्म इटलीत झाला असे आपण सहज म्हणतो. पण तिचे पूर्वज अमेरिकेत आणि इंग्लंडात सापडतात. १९१५ साली न्यूयॉर्कमध्ये ‘ऑटोपेड’ नावाचे वाहन विकायला आले. एक फळी, दोन लहान चाके, पुढच्या चाकावर इंजिन आणि बसायला काहीच नाही, उभ्यानेच चालवायचे. ब्रिटनमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटणाऱ्या लेडी फ्लॉरेन्स नॉर्मन ते लंडनच्या रस्त्यांवरून चालवत असत. १९१९च्या सुमारास ग्रॅनव्हिल ब्रॅडशॉ यांच्या ‘स्कूटामोटा’ने बसायची सोय केली. १९३०च्या दशकात अमेरिकेत सॉल्सबरी आणि नेब्रास्कातली कुशमन या कंपन्या पुढे आल्या. दुसऱ्या महायुद्धात कुशमनची एक जात हवाई छत्रीने खाली उतरवण्यासाठीही बनवली गेली. ही सगळी वाहने विसरली गेली, कारण अमेरिकेत मोटार स्वस्त होती आणि स्कूटरची कुणाला गरज नव्हती. या वाहनाला गरिबीच हवी होती, आणि ती युद्धानंतरच्या इटलीत मुबलक होती.

पिआज्जो ही १८८४ साली जेनोवाजवळ स्थापन झालेली कंपनी. जहाजे, मग रेल्वेचे डबे, मग विमाने असा तिचा प्रवास. तस्कनीतल्या पोंतेदेरा इथला तिचा विमान कारखाना युद्धात बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झाला आणि शांतता आल्यावर विमाने बनवायला मनाई झाली. हजारो कामगार, उरलीसुरली यंत्रे आणि खड्ड्यांनी भरलेले रस्ते एवढे भांडवल हाती घेऊन एन्रिको पिआज्जो यांनी स्वस्त वाहनाचा विचार सुरू केला. पहिला नमुना त्यांना पसंत पडला नाही. कामगारांनी त्याला ‘पापेरिनो’, म्हणजे डोनाल्ड डक, असे नाव ठेवले होते. मग काम आले कोर्रादिनो दास्कानियो यांच्याकडे. हे १८९१ साली जन्मलेले, हेलिकॉप्टरसाठी आयुष्य वेचलेले अभियंते, आणि त्यांना मोटरसायकल मनापासून नावडती! तेलाने कपडे खराब होतात, चाक पंक्चर झाले की काढता येत नाही, साखळी कुरकुरते, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. म्हणून त्यांनी इंजिन मागे नेऊन पत्र्याखाली झाकले, साखळी काढून टाकली, गिअर हँडलवर आणले आणि पुढचे चाक विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूच्या आधारावर बसवले. नळ्यांच्या सांगाड्याऐवजी पत्र्याचे अंगच सगळा भार पेलू लागले. मोटरसायकल न आवडणाऱ्या माणसाने मोटरसायकलमधल्या खोडी एकेक करून काढल्या आणि जे उरले ती व्हेस्पा. २३ एप्रिल १९४६ रोजी फ्लॉरेन्समध्ये तिच्या पेटंटचा अर्ज दाखल झाला. ९८ सीसीची ती पहिली गाडी पाहून एन्रिको यांना गांधीलमाशी आठवली आणि तेच नाव कायम झाले. पुढच्याच वर्षी मिलानच्या लांब्राते भागातल्या फेर्दिनांदो इन्नोचेंती या पोलादी नळ्यांच्या कारखानदाराने नळ्यांच्याच सांगाड्यावर लांब्रेटा उभी केली. तिथून या दोन घराण्यांची स्पर्धा सुरू झाली.

आपल्या विषयाला कलाटणी मिळाली ती २३ ऑक्टोबर १९४९ रोजी, व्हियारेज्जो या समुद्रकाठच्या गावी. ठिकठिकाणच्या स्कूटरस्वारांच्या मंडळांना एकत्र आणून त्या दिवशी इटलीचा व्हेस्पा क्लब स्थापन झाला. यामागे कंपनीचा हात होता, हे लपवायचे कारण नाही. नवे वाहन लोकांच्या गळी उतरवायचे तर ते घोळक्याने हिंडताना दिसले पाहिजे, रविवारच्या सहलीत, जत्रेत, चर्चच्या पायऱ्यांसमोर दिसले पाहिजे, हे पिआज्जोने ओळखले होते. १९५१च्या ‘व्हेस्पा दिवसा’ला इटलीत वीस हजार स्कूटरस्वार जमले. तोवर जर्मनीत हॉफमन, ब्रिटनमध्ये ब्रिस्टलची डग्लस आणि फ्रान्समध्ये आकमा या कंपन्या परवान्याखाली व्हेस्पा बनवू लागल्या होत्या. सोव्हिएत रशियाने तर परवाना न घेताच १९५७ साली ‘व्यात्का’ नावाची हुबेहूब नक्कल काढली. जिथे कारखाना गेला तिथे मागोमाग क्लब गेला, आणि १९५०च्या दशकातच युरोपभरच्या क्लबांचे ‘युरोव्हेस्पा’ मेळावे भरू लागले.

मेळाव्याला जायचे ते स्कूटर चालवत, हा दंडकही याच काळातला. लांब पल्ल्याच्या स्वारांनी त्याला झळाळी दिली. १९५१ साली फ्रेंच हवाई दलातले पिएर देलिएर पॅरिसहून अफगाणिस्तानमार्गे ५१ दिवसांत सायगावला पोचले. १९६२ साली माद्रिदच्या दोन विद्यार्थ्यांनी ७९ दिवसांत जगाची फेरी केली. त्यांच्या स्कूटरवर साल्वादोर दालींनी स्वतः रंगकाम केले होते. १९६४ साली पत्रकार रोबेर्तो पात्रिन्यानी ऑलिंपिकसाठी मिलानहून टोकियोला व्हेस्पावर गेले. ब्रिटनमध्ये १९५७पासून आइल ऑफ मॅन बेटावर स्कूटर मेळावा सुरू झाला. पुढे तिथल्या ‘मॉड’ तरुणांनी स्कूटरला आरशांचे आणि दिव्यांचे झुबके लावले आणि १९६४ साली समुद्रकाठच्या गावांत मारामाऱ्याही केल्या. कंपनीने जाहिरातीसाठी लावलेले रोप अशा रीतीने तिच्या कुंपणाबाहेर वाढले, आणि ते टिकले याचे खरे कारण तेच आहे.

आता आपण मुंबईला येऊ. भारतात स्कूटर बनवणाऱ्यांत पहिला मान ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया, म्हणजे ‘एपीआय’, या १९४९ सालच्या कंपनीचा. भांडुपच्या तिच्या कारखान्यात १९५०च्या दशकात लांब्रेटा जोडल्या जाऊ लागल्या. त्याआधीच १९४५ साली स्थापन झालेली बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन १९४८पासून बाहेरून आलेली दुचाकी आणि तिचाकी वाहने विकत होती. वर्ध्याच्या जमनालाल बजाज यांच्या घराण्याची ही पेढी. १९५९ साली तिला उत्पादनाचा सरकारी परवाना मिळाला, १९६० साली ती सार्वजनिक कंपनी झाली आणि पुण्याजवळच्या आकुर्डीत पिआज्जोच्या सहकार्याने व्हेस्पा तयार होऊ लागली. पण त्याच १९६० साली स्कूटरच्या वाटप-विक्रीवर नियंत्रण घालणारा सरकारी हुकूमही आला. किती बनवायच्या ते परवान्यावर आणि कुणाला मिळायच्या ते यादीवर ठरू लागले. पिआज्जोची दहा लाखावी व्हेस्पा दहा वर्षांत, १९५६ साली, बाहेर पडली होती. बजाजचे एक लाखावे वाहन बाहेर पडायला १९७० साल उजाडले.

हा आकड्यांतला फरक नुसता आकड्यांत राहिला नाही. मुलगा कॉलेजात गेला की नाव नोंदवायचे आणि त्याच्या लग्नाच्या सुमारास स्कूटर यायची, असा तो हिशेब होता. सरकारी कोटा होता, परकीय चलन भरणाऱ्याला रांग सोडून गाडी मिळण्याची सोय होती, आणि हाती आलेली नवी स्कूटर दुसऱ्याच दिवशी छापील किमतीपेक्षा महाग विकता येत होती. जिथे गिऱ्हाईक दहा वर्षे थांबायला तयार आहे, तिथे कंपनीने क्लब काढून सहली कशाला भरवायच्या? युरोपात स्कूटरबरोबर मेळावा जन्मला. आपल्याकडे तिच्याबरोबर रांग जन्मली. मोठ्या कष्टाने मिळालेली गाडी हौसेखातर दूरदेशी नेण्याचा विचार कुणाच्या मनाला शिवला नाही, यात नवल ते काय?

भोपाळच्या मराठी घरांचा इतिहास याच काळात घडला. १ नोव्हेंबर १९५६ला नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि राजधानी नागपूरहून भोपाळला आली. नागपूरच्या सचिवालयातली, तसेच ग्वाल्हेर-इंदूरकडची अनेक मराठी कुटुंबे बदलीच्या हुकुमाबरोबर इथे आली. तात्या टोप्यांच्या नावाने वसवलेल्या टी. टी. नगरात, १२५० क्वार्टर्समध्ये, ११०० क्वार्टर्समध्ये त्यांचे बिऱ्हाड लागले. १९६० साली पंडित नेहरूंच्या हस्ते हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना सुरू झाला आणि कामगारांची वस्ती वाढली. चढउतारांच्या या तळ्यांच्या शहरात सायकल दमवते, बस हवी तेव्हा येत नाही. म्हणून स्कूटर ही इथे चैन नव्हती. पुढे मूल उभे, मागे बाई एका बाजूला पाय सोडून बसलेली, स्टेपनीवर पिशवी, अशी ती न्यू मार्केटपर्यंत जाई. सकाळी किक लागली नाही की ती एका कुशीवर कलती करायची, प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा. पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचे यावर शेजाऱ्यांशी वाद घालायचा. निवृत्तीनंतर फंडाच्या पैशातून कोलार रोडला प्लॉट घेतला, घर बांधले, आणि सामानाच्या ट्रकबरोबर तीही आली.

दरम्यान मूळ घराण्यातच उलथापालथ झाली होती. १९७१ साली पिआज्जो आणि बजाज यांचा करार संपला. बजाजने तोच साचा पुढे चालवत महाराणा प्रतापांच्या घोड्याच्या नावाने ‘चेतक’ काढली. १९७५ साली साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्स स्थापन झाली आणि तिथून ‘प्रिया’ आली. पुढे बजाजची स्कूटर परदेशी बाजारात दिसू लागली, तेव्हा पिआज्जोने तिच्याविरुद्ध परदेशांतल्या न्यायालयांत दावेही लावले. लांब्रेटाची कथा तर याहून विलक्षण. मिलानमधले तिचे उत्पादन १९७१च्या सुमारास थांबले आणि भारत सरकारने तिची यंत्रसामग्री विकत घेऊन १९७२ साली लखनौला स्कूटर्स इंडिया ही कंपनी काढली. देशात ‘विजय’ या नावाने आणि परदेशात लांब्रेटा जीपी या नावाने इथून गाड्या निघत राहिल्या. १९९७ साली ते काम बंद झाले. बेर्तोने या विख्यात आरेखनसंस्थेने घडवलेले ते रूप इटलीत दोन-तीन वर्षेच निघाले, गोमतीकाठी दोन दशकांहून अधिक! कानपूरच्या एलएमएलने १९८०च्या दशकात पिआज्जोशी हात मिळवला आणि सोबत सुटल्यावरही तीच जुन्या घडणीची, हाताने गिअर टाकायची गाडी बनवत राहिली. अमेरिकेत ती ‘स्टेला’ म्हणून विकली गेली. युरोपातल्या मेळाव्यांत आज ज्या ‘इटालियन’ स्कूटरी मिरवतात, त्यांतल्या कित्येकींचे अंग किंवा इंजिन लखनौ-कानपूरचे आहे. घराण्याची वस्तू जपल्याचे श्रेय क्लबवाल्यांना मिळते. माझ्या मते त्यात निम्मा वाटा आपल्या परवानाराजचा आहे. स्पर्धा नव्हती म्हणून साचे बदलले नाहीत, आणि साचे बदलले नाहीत म्हणून सुटे भाग मिळत राहिले.

भारतात स्कूटरकडे खेळ म्हणून पाहणे उशिराच सुरू झाले. मुंबई परिसरात पावसाळ्यात चिखलातून धावणारी मान्सून स्कूटर रॅली १९९०च्या सुमारास सुरू झाली. पण ती शर्यत होती, मेळावा नव्हे. जुनी स्कूटर जपणाऱ्यांची मंडळे जोम धरू लागली ती चेतक बंद पडल्यावर आणि २००९ साली बजाजने स्कूटरमधून अंग काढून घेतल्यावर. रांग संपली, मोटरसायकलींनी रस्ता भरला, तेव्हा कुठे लोकांना वडिलांची गाडी आठवली. पिआज्जो स्वतः २०१२ साली बारामतीत कारखाना काढून व्हेस्पासह परतली. २०२० साली चेतकही विजेवर धावत परत आली, पण गुणगुणणाऱ्या जुन्या गाडीच्या भक्तांना ती आपली वाटत नाही.

युरोव्हेस्पाची जागा २००७पासून ‘व्हेस्पा वर्ल्ड डेज’ने घेतली आहे. दर वर्षी वेगळा देश असतो. जून २०२२मध्ये हा मेळावा इंडोनेशियातल्या बालीला झाला आणि पहिल्यांदाच युरोपबाहेर आला. २०२४ साली तो पोंतेदेराला, म्हणजे माहेरीच, भरला. कोलार रोडवरून कुणी निघायचे ठरवले तर पश्चिमेचा खुष्कीचा मार्ग राजकारणाने अडवलेला आहे. स्कूटर न्हावा शेव्याहून पेटाऱ्यात घालून जहाजानेच पाठवावी लागेल. आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना काढावा लागेल. गाडी परत आणण्याची हमी देणारे ‘कार्ने’ लागेल, आणि त्यासाठी मुंबईतल्या १९१९ सालच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडे अनामत ठेवावी लागेल. युरोपातल्या काही शहरांनी धूर सोडणाऱ्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांना बंदी केली आहे, तेही आधी पाहून घ्यायला हवे.

यातले काहीही करायचे नसेल, तरी एक काम आजच करण्याजोगे आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होते. शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. रोजच्या वापराला मनाई, पण मेळाव्याला मुभा. १९७०च्या दशकातल्या चेतक, प्रिया आणि विजय आता एकेक करून या वयाला पोचत आहेत. नोंदणीसाठी मूळ आर.सी. बुक लागते. तेव्हा ताडपत्रीखालच्या स्कूटरचे काय करायचे ते सवकाश ठरवा. पण आजोबांच्या कपाटातले ते बुक आधी शोधून काढा, आणि भंगारवाला दारात आला तर त्याला पुढच्या घरी पाठवा.