अंग रोव्हरचं, इंजिन व्हॅनचं

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे व्हायच्या आधी, उन्हाळ्याच्या सुट्टीत खंडाळ्याच्या घाटात एक दृश्य हमखास दिसायचं. शिंग्रोबाच्या देवळाच्या आसपास, रस्त्याच्या कडेला तीन-चार गाड्या बॉनेट वर करून उभ्या. कुणी रेडिएटरचं झाकण फडक्यात धरून जपून फिरवतोय. कुणी इंजिनाच्या कुशीतल्या छोट्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं गुंडाळतोय. बायका-मुलं कठड्यावर बसून डब्यातल्या पोळ्या काढतायत. कुणाच्या चेहऱ्यावर फारसा राग नाही. ‘गाडी जरा गरम झालीय, थंड झाली की निघू’ एवढंच.

आज त्याच गाड्यांचे फोटो इन्स्टावर येतात तेव्हा खाली बदामांचा पाऊस पडतो. ‘ओल्ड इज गोल्ड’, ‘त्या काळची मजबुती’ वगैरे. मजबुतीचं एक वेळ मान्य करू. पण ओलं फडकं कशासाठी होतं, हेही कुणीतरी सांगायला हवं. भारतीय सेदान गाडीचा इतिहास बहुतेक वेळा कंपन्यांच्या आणि जाहिरातींच्या बाजूने सांगितला जातो. हा लेख स्टिअरिंगमागे बसलेल्या, घामाघूम झालेल्या मालकाच्या बाजूने आहे.

कुर्ल्याची गाडी

सुरुवात एका सोलापूरकरापासून करावी लागते. वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा, १८८२चा. जहाजं, विमानं आणि मोटारी या तिन्ही गोष्टी भारतात बनल्या पाहिजेत, असा या माणसाचा ध्यास होता. त्यातून १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी राहिली आणि कुर्ल्याला तिचा कारखाना आला. सुरुवातीला अमेरिकेतल्या क्रायस्लरशी करार होता. पुढे इटलीच्या फियाटशी झाला.

त्या काळात मुंबईत आणखी एक मोटारींचा कारखाना होता. जनरल मोटर्स १९२८पासून शिवडीला गाड्यांची जोडणी करत होती. सुटे भाग बाहेरून आणायचे आणि इथे जोडायचे, असं ते काम. पण स्वतंत्र भारताच्या सरकारला निव्वळ जोडणी नको होती, भागसुद्धा इथेच बनायला हवे होते. ते करण्याची तयारी नसलेल्या जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोन्ही कंपन्या १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत निघून गेल्या. आयातीवर कडक बंधनं आली. मैदानात मुख्यतः तीन नावं उरली: उत्तरपाड्याची हिंदुस्तान मोटर्स, कुर्ल्याची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड.

पन्नाशीच्या दशकातली गोल पाठीची फियाट ११०० आपल्याकडे ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली गेली. तिचे पुढचे दरवाजे उलट्या बाजूला उघडायचे. १९६४मध्ये तिच्या जागी चौकोनी अंगाची ‘डिलाइट’ आली. फियाटशी करार संपल्यावर तीच गाडी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. नाव बदललं, पुढची जाळी बदलली; १०८९ सीसीचं इंजिन तेच राहिलं. या गाडीचं उत्पादन शतक संपेपर्यंत चालू होतं. थोडक्यात, १९९८ साली शोरूममधून कोरी पद्मिनी घेणारा माणूस मुळात साठच्या दशकाच्या सुरुवातीची इटालियन गाडी घेत होता.

हँड गिअर

ज्यांनी ही गाडी कधी चालवलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो.

गिअरचा दांडा खाली, दोन सीटांच्या मध्ये नसायचा. तो स्टिअरिंगच्या नळीलाच, डाव्या हाताला असायचा. म्हणून ‘हँड गिअर’. त्याचा फायदा असा की पुढची सीट सलग बाकासारखी ठेवता यायची आणि तिथे तिघं मावायचे. तोटा असा की तुमच्या हातातला दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये सळ्यांची आणि सांध्यांची एक लांबलचक वरात असायची. सांध्यातले बुश झिजले की दांडा ढिला पडायचा, मग दुसरा टाकायला जावं तर भलतीकडेच अडकायचा. ऐन सिग्नलला गिअर अडकला की खाली उतरायचं, बॉनेट उघडायचं आणि सळी हाताने जागेवर आणायची. मागे हॉर्नचा कल्लोळ.

पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हतं. म्हणजे गाडी पुरती थांबल्याशिवाय पहिला टाकला तर कर्रकन आवाज यायचा. घाटात चढावर पहिल्यावर यायचं असेल तर डबल क्लच मारण्याची कला हवी. पॉवर स्टिअरिंगचा प्रश्नच नव्हता. पार्किंग करताना चाक फिरवणं हा दंडाचा व्यायाम होता. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. पावसात त्यांच्यात पाणी गेलं की ब्रेक दाबला तरी गाडी आपल्याच मर्जीने थांबायची. सकाळी थंड इंजिन चालू करायचं तर चोक ओढायचा, आणि तो किती ओढायचा हे प्रत्येक गाडीचं वेगळं असायचं. जास्त ओढला तर गाडी ओव्हरफ्लो. मग थांबा, वास उडू द्या, पुन्हा प्रयत्न करा, नाहीतर शेजाऱ्यांना धक्क्यासाठी हाक मारा.

अ‍ॅम्बेसेडरची कथा वेगळी नव्हती. जुन्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये तर हेडलाइट अप्पर-डिपर करायचं बटण पायाशी, क्लचच्या शेजारी असायचं. रात्री समोरून ट्रक आला की डाव्या पायाने क्लच दाबायचा की डिपर मारायचा, हे क्षणात ठरवायचं.

आणि ते ओलं फडकं? पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला असायचा. घाट चढताना इंजिन तापलं की पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची. पंप द्रव ढकलू शकतो, वाफ नाही. इंजिन उपाशी राहायचं आणि गाडी बंद पडायची. फडक्याने पंप थंड केला की वाफेचं पुन्हा पेट्रोल व्हायचं. मालक भौतिकशास्त्र न शिकताही हे शिकले होते.

रांग आणि ‘ऑन’

मग लोक अशा गाड्या घ्यायचे तरी का? दुसरी मिळत नव्हती म्हणून. हीसुद्धा सहज मिळत नव्हती.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अख्ख्या देशात वर्षाला तीस-चाळीस हजार कार बनत. कारखान्याने किती गाड्या काढायच्या हे परवान्यावर ठरायचं. नाव नोंदवायचं, अनामत भरायची आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. ज्याचा नंबर लागला त्याने गाडी घरी न नेता तशीच विकली तरी वर पैसे सुटायचे. त्या वरच्या रकमेला मुंबईत ‘ऑन’ म्हणत. कोऱ्या गाडीपेक्षा एक दिवस जुनी गाडी महाग, असा हा बाजार.

अशा बाजारात तक्रारीला वजन नसतं. विक्रेत्याला माहीत असतं की तुम्ही उठून गेलात तर तुमच्या मागे हजार माणसं उभी आहेत. गाड्यांच्या दर्जाविषयी ओरड इतकी झाली की साठच्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्र सरकारला त्याच्या चौकशीसाठी समिती नेमावी लागली. दुसरीकडे किमती सरकार ठरवत होतं. त्याविरुद्ध कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि मोटारीची ‘रास्त किंमत’ काय, यावर न्यायमूर्तींना डोकं लावावं लागलं. कंपन्यांचं म्हणणं होतं की या किमतीत नवं यंत्र, नवी रचना परवडत नाही. ते अगदीच खोटं नव्हतं. पण गिऱ्हाइकाची जन्मभराची बचत तिकडे अडकलेली असताना, चांगली गाडी बनवण्याची घाई कुणालाच नव्हती, हेही तितकंच खरं.

नवं अंग, जुनं इंजिन

डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली. ७९६ सीसीची, हलकी, किल्ली फिरवताच चालू होणारी. जुन्या तिन्ही कंपन्यांना हालचाल करणं भाग पडलं. पुढच्या दोन वर्षांत तिघांनीही मोठ्या, देखण्या सेदान काढल्या.

हिंदुस्तान मोटर्सने १९८४मध्ये कॉन्टेसा आणली. तिचं अंग इंग्लंडमधल्या व्हॉक्सहॉल व्हिक्टर या सत्तरच्या दशकातल्या गाडीचं होतं. तिकडे त्या अंगात १.८ आणि २.३ लिटरची इंजिनं असायची. इकडे त्यात अ‍ॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन बसवलं. ताकद साधारण पन्नास हॉर्सपॉवर. आजच्या साध्या हॅचबॅकमध्येही याहून जास्त असते, आणि ती कितीतरी हलकी असते.

प्रीमियरने १९८५मध्ये ११८ एनई काढली. अंग फियाट १२४चं. ही गाडी युरोपात १९६७ची ‘कार ऑफ द इयर’ होती. तिचे साचे स्पेनच्या सेआट कंपनीकडून आले. इंजिन मात्र निसानचं ११७१ सीसीचं. नावातलं ‘एनई’ म्हणजे निसान इंजिन. तिघींत हिचं त्यातल्या त्यात बरं जमलं: इंजिन विश्वासू, गिअर खाली. तरी एसी लावून, चार माणसं आणि सामान घेऊन घाट चढायचा म्हटला की पिकअप कुठे जायचा कळायचं नाही. चढ आला की एसी बंद करायचा, माथ्यावर पोचलं की पुन्हा लावायचा, हा एसी गाडीवाल्यांचा नियमच होता.

तिसरी सगळ्यात करुण. मद्रासच्या स्टँडर्डने १९८५मध्ये स्टँडर्ड २००० बाजारात आणली. अंग थेट रोव्हर एसडी-१चं. ही गाडीसुद्धा १९७७ची युरोपियन ‘कार ऑफ द इयर’. इंग्लंडमध्ये तिच्यात ३.५ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन मिळायचं. भारतात तिच्या लांब, ऐटबाज बॉनेटखाली १९९१ सीसीचं इंजिन आलं. त्याचं कूळ चाळीसच्या दशकातल्या स्टँडर्ड व्हॅनगार्ड गाडीपर्यंत जातं, आणि कंपनी तेच इंजिन आपल्या व्हॅनमध्ये वापरत होती. इथल्या खड्ड्यांसाठी गाडी उंच केली, त्यात तिची ठेवणही बिघडली. त्या काळातल्या सर्वात महाग देशी गाड्यांपैकी ही एक. पैसे मोजणाऱ्याला पळ मिळाला नाही, अ‍ॅव्हरेजही मिळालं नाही. १९८८मध्ये उत्पादन थांबलं. कंपनीचा मोटारी बनवण्याचा धंदाही तिच्याबरोबर संपला.

तिघींनी एकच वाट का धरली? युरोपात बंद पडलेल्या गाडीचे साचे विकत मिळत होते. त्यापुढे नवं इंजिन, त्याचा कारखाना, त्याचं परकीय चलन हे सगळं फार महाग. शिवाय जुन्या इंजिनाची यंत्रसामग्री स्वतःकडे पडूनच होती. शोरूममध्ये गिऱ्हाइकाला अंग दिसतं, इंजिन दिसत नाही. ते घाटात कळतं.

मालक नावाचा फिटर

१९८६मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याआधी दशकभर मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था गिऱ्हाइकाला ‘तू भांडू शकतोस’ हे सांगत होत्या. पण ‘गाडीला पिकअप नाही’ ही तक्रार कुठल्या कलमात बसवणार? गाडी बिघडलेली नव्हतीच. ती मुळातच तशी होती.

म्हणून लोकांनी कोर्टाऐवजी गॅरेज गाठलं. हँड गिअर काढून खाली गिअर बसवून घेतला. बाकाच्या जागी बकेट सीट आल्या. कुणी पेट्रोलचं इंजिन उतरवून डिझेलचं चढवलं. डिकीत पाना, पक्कड, जादा फॅनबेल्ट, प्लग घासायला पॉलिश पेपर आणि पाण्याचा कॅन हे सामान स्टेपनीइतकंच आवश्यक झालं. जवळच्या मेकॅनिकचा शब्द घरच्या डॉक्टरसारखा मानला जाऊ लागला. कंपनीने अर्धवट सोडलेलं काम मालकाने स्वतःच्या खर्चाने पूर्ण केलं. याला आपण पुढे ‘आपल्याकडचं डोकं’ म्हणून कौतुकाने मिरवलं. त्यात डोकं होतंच. पण त्याचं बिल कुणी भरलं, हे कौतुकात विसरायला होतं.

कंपन्याही कधीकधी ऐकत. कॉन्टेसाला पुढे इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आणि पाच गिअर मिळाले, आणि पहिल्यांदा ती दिसते तशी पळू लागली. मारुतीलाही हा धडा चुकला नाही. १९९०च्या मारुती १०००साठी लोकांच्या उड्या पडल्या, पण ९७० सीसीचं इंजिन सेदानच्या अंगाला अपुरं होतं. १९९४मध्ये १.३ लिटरची एस्टीम आली तेव्हा ती उणीव भरून निघाली. मधल्या काळात, १९९३मध्ये, मोटारींवरचा परवाना उठला होता. सिएलो आली, मग होंडा सिटी आली. गिऱ्हाइकाला पहिल्यांदाच ‘राहू दे, समोरच्या शोरूममध्ये बघतो’ म्हणता येऊ लागलं. चाळीस वर्षांच्या तक्रारींना जे जमलं नव्हतं ते या एका वाक्याने दहा वर्षांत केलं.

३० ऑक्टोबर २०२३

या दिवसापासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे उरली नाही. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ताडदेव आरटीओत २००३च्या ऑक्टोबरमध्ये नोंदली गेली होती, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. त्या आठवड्यात सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. एखादी तरी संग्रहालयात ठेवा, अशी मागणीही झाली.

जरूर ठेवावी. माझी एकच विनंती आहे. ती काचेआड, दोरी लावून ठेवू नका. दरवाजा उघडा ठेवा आणि आजच्या विशीतल्या मुलामुलींना आत बसू द्या. टचस्क्रीन हँग झाली म्हणून तुम्ही आज कंपनीला टॅग करता, आणि ते योग्यच आहे. तसंच कधीतरी त्या ड्रायव्हर सीटवर बसून डाव्या हाताने पहिला, दुसरा, पुन्हा पहिला असा गिअर दोनशे वेळा टाकून पाहा. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये टॅक्सीवाल्याचा एक दिवस साधारण असाच जायचा. मग बदाम टाकायचा की नाही, ते ठरवा.