बेवारस

मुंबईत लोकलने रोज ये-जा करणाऱ्यांना हे दृश्य नवीन नाही. रेल्वे पोलिसांच्या चौकीबाहेर एक बोर्ड, त्यावर माणसांचे फोटो, डोळे मिटलेले. खाली दोन ओळी: अंदाजे वय, उंची, अंगात निळा शर्ट. आणि एक शब्द.. बेवारस. आपल्याला ८:१२ पकडायची असते, त्यामुळे आपण थांबत नाही. मीही कधी थांबलो नाही.

पण तो शब्द कुठेतरी अडकून बसला होता. गेल्या शनिवारी त्याच्याच मागे वाचत वाचत मी पोचलो थेट फिलाडेल्फियात, १९५७ सालात.

२५ फेब्रुवारी १९५७. शहराच्या फॉक्स चेस भागात, झाडीत पडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात एका लहान मुलाचं प्रेत सापडलं. बाळाचा पाळणा ज्यात पॅक होऊन येतो तसलं खोकं. मुलगा चार ते सहा वर्षांचा असावा. अंगावर मारहाणीच्या खुणा.

पोलिसांनी काय करायचं बाकी ठेवलं? पोस्टर्स छापली, गॅसच्या बिलाबरोबर त्याचं चित्र घरोघरी पाठवलं. तरी 'हा आमचा' म्हणून कुणी पुढे आलं नाही. हरवलेल्या मुलांच्या कुठल्याच तक्रारीशी तो जुळेना. शवचिकित्सा कार्यालयातला रेमिंग्टन ब्रिस्टो नावाचा माणूस तर १९९३ मध्ये मरेपर्यंत या एकाच केसमागे होता. लोकांनी मुलाला नाव दिलं, 'खोक्यातला मुलगा'. १९९८ मध्ये प्रेत उकरून दातातून डीएनए काढला, दुसऱ्या दफनभूमीत पुन्हा पुरलं आणि वर दगड बसवला: 'अमेरिकेचं अनामिक मूल'.

आता तुम्ही म्हणाल, डीएनए होता ना, मग अडलं कुठे?

गंमत अशी की, पोलिसांचा डीएनए डेटाबेस म्हणजे एक्झॅक्ट मॅचची क्वेरी. अमेरिकेतल्या त्या डेटाबेसमध्ये डीएनएवरच्या साधारण वीसेक ठराविक जागा बघतात. तोच माणूस किंवा त्याचे आईवडील, मुलं त्यात असतील तर ठीक. नाहीतर शून्य रेकॉर्ड्स. चार वर्षांच्या पोराला कुठल्या डेटाबेसमध्ये शोधणार?

उत्तर आलं भलतीकडून. आपले पूर्वज कोण हे शोधायचा छंद असलेली मंडळी थुंकीचा नमुना पाठवून स्वतःचा डीएनए तपासून घेऊ लागली. त्यात वीस नाही, लाखो जागा वाचतात. वेगवेगळ्या कंपन्यांचे रिपोर्ट्स एकमेकांशी ताडून बघता यावेत म्हणून २०१० मध्ये कर्टिस रॉजर्स नावाचा निवृत्त व्यावसायिक आणि जॉन ऑल्सन नावाचा इंजिनियर, अशा दोघांनी 'जेडमॅच' ही साइट काढली. गुन्हेतपासाशी काही संबंध नाही, चक्क हौसेचा मामला!

इथे लॉजिक वेगळं आहे. सख्ख्या चुलत-मामे भावंडांचा डीएनए सरासरी साडेबारा टक्के जुळतो. ज्यांचे पणजोबा-पणजी एक, त्यांचा साधारण तीन टक्के. म्हणजे अनोळखी प्रेताचा कुणाशी किती टक्के जुळतो यावरून नातं किती लांबचं ते कळतं. मग दोघांच्या समाईक पूर्वजापर्यंत वर चढायचं आणि तिथून त्याचे सगळे वंशज शोधत खाली उतरायचं. अशी दोन-चार झाडं काढली की कुठेतरी एका लग्नात दोन झाडं भेटतात. त्या फांदीवर तुमचा माणूस. कॉलेजात ट्री ट्रॅव्हर्सल शिकलो तेव्हा याचा असा उपयोग होईल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

बहुतेकांना हे तंत्र माहीत झालं ते एप्रिल २०१८ मध्ये, कॅलिफोर्नियातला एक जुना खुनी पकडला तेव्हा. पण त्याच महिन्यात, काही दिवस आधी, ओहायोत १९८१ मध्ये सापडलेल्या एका तरुणीच्या प्रेताची ओळख याच पद्धतीने पटली होती. खुनी हेडलाइनमध्ये गेला. नाव परत मिळालेली मुलगी मागे राहिली.. नेहमीप्रमाणे.

असो. पुन्हा फिलाडेल्फियाकडे. २०१९ मध्ये मुलाचं प्रेत परत उकरलं. साठ वर्षांचा डीएनए तुकड्यातुकड्यांत उरलेला. तो वाचण्याजोगा करायलाच अडीच वर्षं गेली. कॉलीन फिट्झपॅट्रिक या मुळात भौतिकशास्त्र शिकलेल्या बाईंनी जुळवाजुळव केली. आईकडचे नातेवाईक सापडले. मग कोर्टाच्या आदेशाने जन्माच्या नोंदी काढल्या, दाखल्यावरून वडील कळले, त्यांच्या नातेवाइकांकडूनही खात्री झाली. ८ डिसेंबर २०२२ ला पोलिसांनी नाव जाहीर केलं: जोसेफ ऑगस्टस झरेली. जन्म १३ जानेवारी १९५३. म्हणजे सापडला तेव्हा जेमतेम चार वर्षांचा.

आईवडील तोवर गेले होते. पण दोन्ही बाजूंनी त्याची भावंडं हयात होती. हे वाचलं आणि मी लॅपटॉप मिटून ठेवला. ज्याला पासष्ट वर्षं सगळं जग बेवारस समजत होतं, त्याची भावंडं या जगात म्हातारी होत होती!

याची दुसरी बाजूही आहे. हौस म्हणून नमुना दिला मी, पण माझ्याबरोबर उघडा पडतो माझा चुलतभाऊ, आणि त्याला कुणी विचारलेलंच नाही. मे २०१९ मध्ये जेडमॅचला नियम बदलावा लागला, जो स्वतःहून 'हो' म्हणेल त्याचाच डेटा पोलिसांना. मला हे पटतं. तरी त्या पोराच्या दगडाकडे बघून 'प्रायव्हसी' म्हणायला जीभही रेटत नाही. दोन्ही एकदम खरं आहे, काय करणार.

आणि खुनी? तो अजून कळलेला नाही. नाव मिळालं म्हणजे न्याय मिळाला असं नाही. पण १३ जानेवारी २०२३ ला, सत्तराव्या वाढदिवशी, थडग्यावर नवा दगड बसला आणि त्यावर त्याचं नाव आहे.

आपल्या स्टेशनवरच्या बोर्डाला या सगळ्याचा आज फारसा उपयोग नाही. या डेटाबेसमध्ये बहुतेक माणसं युरोपीय वंशाची, आपली झाडं त्यात नाहीतच. पण एवढं मात्र कळलं, की डीएनएच्या हिशेबात बेवारस असा कुणीच नसतो. पणजोबा सगळ्यांनाच असतात. वारस सापडत नाही म्हणजे तो नाही असं नव्हे, आपली क्वेरी अपुरी आहे.