मोहल्ल्यात अभ्यासिका हवी? आधी दोन पानांचा प्रस्ताव लिहा

जुमाच्या नमाजनंतर मस्जिदीच्या पायऱ्यांवर कितीतरी चांगल्या योजना जन्माला येतात. कुणी म्हणतं कॉम्प्युटर क्लास काढू, कुणी म्हणतं मुलींसाठी शिवणवर्ग. सगळे मान डोलावतात, "इन्शाअल्लाह" म्हणतात आणि घरी जातात. पुढच्या जुम्याला तोच विषय, तेच लोक. कारण साधं आहे. कमिटीसमोर निर्णय घेण्यासारखा कागदच आलेला नसतो. सदर साहेबांनी हो म्हणायचं तर कशाला म्हणायचं? खर्च किती, जागा कुठली, चालवणार कोण?

सर सय्यद अहमद खान यांच्या अलीगडच्या मदरशाची सुरुवात १८७५ साली झाली, हे आपण मुलांना शिकवतो. त्याआधी समिती बसली होती, वर्गणी सुरू होती आणि १८७३ साली त्यांचे चिरंजीव सय्यद महमूद यांनी कॉलेजचा लेखी आराखडा मांडला होता, हे मात्र सांगायचं राहून जातं.

अभ्यासिकेचंच उदाहरण घेऊ, कारण गरज आम्हाला वर्गात रोज दिसते. दहावीची मुलगी दोन खोल्यांच्या घरात सहा-सात माणसांत अभ्यास करते. भाऊ निदान मित्राकडे किंवा पैसे भरून खासगी अभ्यासिकेत जातो. तिला तेही नाही.

पहिला परिच्छेद

बरेच प्रस्ताव तालीमच्या फजिलतीपासून सुरू होतात आणि मागणी शेवटच्या पानावर येते. उलट करा. पहिल्या पाच ओळींत सांगून टाका: शादीखान्याचा वरचा हॉल, २४ जागांची अभ्यासिका, सुरुवातीचा खर्च २ लाख, दरमहा खर्च १५ हजार, तीन महिन्यांच्या प्रयोगाला मंजुरी हवी. तालीमचं महत्त्व कमिटीला माहीत असतं. त्यांना आकडा माहीत नसतो.

गरज मोजून दाखवा

"आपल्या मुलांना गरज आहे" हे वाक्य पुरावा नाही. दोन-तीन तरुण आणि दोन मुली घेऊन मोहल्ल्यात फिरा. आठवीपासून पुढे किती मुलं-मुली आहेत, स्पर्धा परीक्षा देणारे किती, सध्या कुठे बसून अभ्यास करतात आणि कुठल्या वेळेला येऊ शकतील, एवढंच विचारा. नावं प्रस्तावात घालू नका, फक्त संख्या घाला. मुलींची वेळ त्यांच्या आयांना विचारून ठरवा. हे न विचारता संध्याकाळची वेळ ठेवली की अभ्यासिका आपोआप मुलांची होते.

दुसरे पर्यायही प्रामाणिकपणे लिहा. जवळच्या शाळेचा वर्ग संध्याकाळी मिळेल का? नगरपालिकेचं वाचनालय किती दूर आहे? शाळेचा वर्ग फुकट मिळत असेल तर तो आधी वापरावा, असं आमचं मत आहे. पर्याय तपासून मग हॉल मागितला, तर मागणीला वजन येतं.

खरी मेख: तेराव्या महिन्याचे पैसे

आमच्या पाहण्यात एका संस्थेची कॉम्प्युटर खोली आहे. उद्घाटन थाटात झालं, फोटो छापून आले. वर्षभरात शिकवणाऱ्याचा पगार थांबला आणि खोलीला कुलूप लागलं. कॉम्प्युटर आत आहेत, त्यांवर धूळ आहे. देणगीदार वस्तू आनंदाने देतात, कारण वस्तूवर नाव लिहिता येतं. विजेच्या बिलावर कुणाचं नाव लिहिणार?

म्हणून एकदाचा खर्च आणि दरमहाचा खर्च वेगळे मांडा. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गावात दुकानदारांकडून भाव लेखी घ्या.

एकदाचा खर्च: २४ टेबल-खुर्च्या प्रत्येकी ३,५०० प्रमाणे ८४,०००, वायरिंग, पंखे, दिवे ४०,०००, पाण्याचा फिल्टर आणि शौचालयाची दुरुस्ती ४६,०००, पुस्तकं ३०,०००. एकूण २ लाख.

दरमहा: देखरेख करणाऱ्याचं मानधन ९,०००, वीज ३,०००, साफसफाई १,५००, इंटरनेट ८००, वर्तमानपत्रं-मासिकं ७००. एकूण १५,०००.

आता जमा. २४ पैकी १८ जागा भरतील असं धरा, सगळ्या भरतील असं कधीच धरू नका. महिना ३०० रुपये फी म्हणजे ५,४०० रुपये. तूट ९,६०० रुपये. ही तूट लपवू नका, ठळक लिहा आणि लगेच खाली तिचा बंदोबस्त लिहा: महिना २४० रुपये देणारी ४० घरं किंवा दुकानं. त्यांतल्या निदान पंचवीस जणांच्या सह्या प्रस्तावासोबत जोडल्या, तर कमिटीचा निम्मा विरोध तिथेच संपतो.

कुठला पैसा कुठे चालतो

इथे अनेक चांगले प्रस्ताव अडकतात. जकातच्या रकमेतून टेबल-खुर्च्या घ्यायचं लिहिलं की इमाम साहेब हरकत घेतात आणि ती रास्त असते. हनफी मसलकात जकात हकदाराच्या मालकीची करून द्यावी लागते, ज्याला तमलीक म्हणतात. इमारत, फर्निचर, पगार यांत ती लावता येत नाही. गरीब विद्यार्थ्याच्या हातात जकातची रक्कम दिली आणि त्याने स्वतःच्या मर्जीने फी भरली, तर ती गोष्ट वेगळी. तरी आपल्या भागातल्या मुफ्ती साहेबांना विचारून, त्यांचं उत्तर लेखी घेऊन जोडा. बाकी खर्च लिल्लाह आणि इमदादच्या रकमेतून दाखवा.

जागेचे कागदही पाहा. हॉल वक्फमध्ये नोंदलेला असेल तर वक्फ कशासाठी केला, हे आधी बघावं लागतं आणि गरज पडल्यास छत्रपती संभाजीनगरच्या राज्य वक्फ मंडळाकडे विचारणा करावी लागते. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला सार्वजनिक न्यास असेल तर त्याच्या उद्देशांत शिक्षण आहे का, ते घटनेत वाचा.

कंपन्यांच्या सीएसआर निधीचं नाव हल्ली सगळेच घेतात. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात आणि शिक्षण त्यात बसतं. पण १ एप्रिल २०२१ पासून असं काम घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ हा फॉर्म भरून नोंदणी करावी लागते. शिवाय आयकराची १२-ए आणि ८०-जी नोंदणी, ऑडिट झालेले हिशेब हेही लागतं. तीन वर्षांचं ऑडिट तयार नसेल तर सीएसआरची ओळ प्रस्तावात घालूच नका. मोठं नाव आणि रिकामी फाइल, हे कमिटीतले जुनेजाणते लगेच ओळखतात.

बंद कधी करायचं, तेही लिहा

हे वाचून काहींना अपशकुन वाटेल. पण कमिटीच्या मनात भीती हीच असते की एकदा हॉल दिला की परत मिळणार नाही. शादीच्या हंगामात तर हॉलचं भाडं हेच जमातीचं उत्पन्न. त्यामुळे स्पष्ट लिहा: हॉल किती दिवस आधी सांगून परत मागता येईल, सहा महिन्यांत सरासरी दहापेक्षा कमी मुलं आली तर अभ्यासिका थांबवू, सामान जवळच्या शाळेला देऊ. चाव्या कुणाकडे, हिशेब कोण लिहील, मुलींच्या वेळेत देखरेखीला कोणती बाई असेल, ही नावं घाला. "आम्ही सगळे मिळून बघू" म्हणजे कुणीच बघणार नाही.

भाषा आणि वेळ

आमच्याकडे कमिटीतले बुजुर्ग उर्दू वाचतात, तरुण ट्रस्टी मराठी. दोन्हींत लिहा, पण आकडे एकाच कागदावरून उतरवा. उर्दूत दोन लाख आणि मराठीत अडीच लाख झाले, तर चर्चा त्या पन्नास हजारांवरच संपते.

रमजानच्या दोन महिने आधी प्रस्ताव द्यावा. लोक वर्षाची देणगी रमजानमध्ये ठरवतात, पण कमिटीला त्या महिन्यात बसून वाचायला फुरसत नसते. तीन महिन्यांचा प्रयोग डिसेंबर ते फेब्रुवारी ठेवला तर दहावी-बारावीची मुलं नक्की येतात, त्यामुळे हजेरीचे आकडेही खरे मिळतात.

बैठकीत मंजुरी मिळाली तर ठराव इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची नक्कल मागा. नकार मिळाला तर कारण लिहून घ्या. आमच्या माहितीतला एक प्रस्ताव फक्त मुलींच्या संध्याकाळच्या वेळेवरून परत आला होता. वेळ दुपारी दोन ते पाच केली, बाकी एक शब्दही बदलला नाही आणि पुढच्या बैठकीत तो मंजूर झाला.