बॅच फाइल आणि अनेक खिडक्या
१/४ १९८१ साली आयबीएमच्या वैयक्तिक संगणकासोबत डॉस आली. तिच्यात एका वेळी एकच प्रोग्राम चाले.

२/४ बॅच फाइल म्हणजे ओळीने लिहिलेल्या आज्ञा. पहिली पूर्ण होईपर्यंत दुसरी ताटकळत राही.

३/४ १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टची विंडोज एनटी आली. ती प्रोसेसरचा वेळ अनेक प्रोग्रामांत वाटून देई. त्यामुळे बॅच फाइलमधील ‘स्टार्ट’ ही आज्ञा प्रत्येक कामासाठी कमांड प्रॉम्प्टची स्वतंत्र खिडकी उघडून लगेच पुढच्या ओळीकडे वळू शकली.

४/४ मात्र क्रमाची हमी गेली. दुसऱ्या कामाला पहिल्याचा निकाल हवा असेल, तर ‘स्टार्ट’ला ‘वेट’ची जोड द्यावी लागते. डॉसमध्ये थांबणे अटळ होते. एनटीमध्ये ते स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या हाती आले.