पेट्यांचं साल, शिक्क्याचं साल

सांगोल्यात जुन्या माणसाला पहिल्या निवडणुकीचं विचारलं, की गोष्ट आबासाहेबांवर येते. गणपतराव देशमुख 1962 साली पहिल्यांदा आमदार झाले, ते एकूण 11 वेळा. 1972 आणि 1995चे पराभव सांगणारे सहसा गाळतात. एवढ्या लांबलचक आमदारकीपुढे आधीच्या दोन निवडणुका विस्मरणात गेल्या, तर नवल काय!

आमची आजीही तशीच घोळ घालायची. पहिल्या मताच्या गोष्टीत कधी पेट्या, कधी शिक्का. पण शिक्का आमच्याकडे आला 1962ला. 1952 आणि 1957ला कागदावर खूण करायचीच नव्हती. दर उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर चिन्ह. पडद्याआड जायचं, कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. म्हणून गोष्टीत पेट्या आल्या, की मी कान टवकारायचो.

“बैलजोडीच्या पेटीत टाकलं का दुसरीत, ते तुज्या आज्यालाबी सांगितलं न्हाई,” म्हणायची. त्याच आज्याचं नाव यादीवाल्याला सांगताना मात्र तिची पंचाईत झाली होती. शेवटी शेजारच्या पोरानं सांगितलं. उत्तरेत तर स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगणाऱ्या बायका इतक्या, की सुमारे 28 लाख नावं यादीतून गळली. 1946पर्यंत शेतसारा, शिक्षण अशा काही अटींवरच मत मिळायचं. आजीकडे दोन्ही नव्हतं.

सोलापुरात गिरणीत असलेला तिचा भाऊ लोकसभेच्या दोन कागदांची गोष्ट सांगायचा. ती 1952ची असू शकते. सोलापूर मतदारसंघात तेव्हा दोन जागा होत्या, त्यामुळे मतंही दोन. तिथून शेकापचे शंकरराव मोरे आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे पां. ना. राजभोज निवडून आले.

खूण नसल्यामुळे त्या पद्धतीत एक भोक होतं. कोरा कागद पेटीत न टाकता बाहेर आणला, तर दुसरा कुणीही तो वापरू शके. आजीची सगळ्यात आवडती गोष्ट याचीच: एका बाईनं कागद निऱ्यांत खोचून घरी आणला. विकायला नव्हे. सरकारनं आपल्याला दिलाय म्हटल्यावर परत कशाला द्यायचा, म्हणून ट्रंकेत तळाशी ठेवला. त्या बाईचं नाव आजीनं कधी सांगितलं नाही, आणि तिची ट्रंकही कुणाला उघडू दिली नाही.