हायड्रोफॉइल निवडताना चूक नेमकी कुठे होते? पंख, मास्ट आणि बोर्डचं साधं गणित

समुद्रात एक जण बोर्डवर उभा आहे, पण बोर्ड पाण्याला टेकलेलाच नाही. पाण्यापासून दोन फूट वरून तो अगदी शांतपणे सरकतोय. असं एखादं रील बहुतेकांनी पाहिलेलं असतं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मार्सेच्या समुद्रात हेच दृश्य साऱ्या जगाने पाहिलं. आयक्यूफॉइल आणि फॉर्म्युला काइट हे दोन खेळ तेव्हा पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आले.

पाहताना हे सोपं वाटतं. मग उत्साहाच्या भरात अनेक जण चॅम्पियन वापरतो तसाच फॉइल विकत घेतात आणि तिथेच फसतात. तो फॉइल नवशिक्याला पाण्याबाहेर उचलतच नाही, किंवा उचलतो आणि लगेच आपटतो. पैसे जातात, उत्साह जातो आणि कधी डोक्याला खोकही पडते. म्हणून कोणत्या खेळाला आणि कोणत्या टप्प्यावर कसा फॉइल लागतो, हे खरेदीच्या आधीच समजलेलं बरं.

फॉइल म्हणजे नेमकं काय?

विमानाचा पंख हवेत जे काम करतो, तेच काम फॉइल पाण्यात करतो. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असतं, त्यामुळे छोटासा पंखही माणसाला सहज उचलतो.

ही कल्पना नवी नाही. इटलीच्या एन्रिको फोर्लानिनी यांनी १९०६ मध्ये माज्जोरे सरोवरात फॉइलवरची बोट चालवली होती. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि त्यांचे सहकारी केसी बाल्डविन यांच्या एचडी-४ या बोटीने १९१९ मध्ये ताशी सुमारे ११४ किलोमीटरचा वेग गाठला. बोर्डवरचा फॉइल मात्र गेल्या काही वर्षांतच सर्वसामान्यांपर्यंत पोहोचला.

फॉइलचे मुख्य भाग चार. पुढचा मोठा पंख वजन उचलतो. मागचा छोटा पंख, म्हणजे स्टॅबिलायझर, तोल सांभाळतो. या दोघांना जोडणारा आडवा दांडा म्हणजे फ्युसेलाज. आणि हे सगळं बोर्डला जोडणारा उभा खांब म्हणजे मास्ट.

सगळ्यात महत्त्वाचा पुढचा पंख

फॉइलची उचल दोन गोष्टींवर अवलंबून असते: पंखाचं क्षेत्रफळ आणि वेगाचा वर्ग. म्हणजे वेग दुप्पट झाला की उचल चौपट होते. ताशी २० किलोमीटरने जाणाऱ्याला जेवढा पंख पुरतो, त्याच्या चौपट पंख तेच वजन ताशी १० किलोमीटरला उचलायला लागतो. नवशिक्याचा वेग कमी असतो, म्हणून त्याला मोठा पंख हवा.

क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये मोजतात. अंदाज यावा म्हणून सांगायचं तर ए-४ कागद सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. नवशिक्याचा विंगफॉइलचा पंख साधारण तीन कागदांएवढा, तर आयक्यूफॉइलच्या स्पर्धेतला ९०० चा पंख दीड कागदाएवढाही नसतो.

दुसरा आकडा म्हणजे अॅस्पेक्ट रेशो. पंखाच्या लांबीचा वर्ग करून त्याला क्षेत्रफळाने भागायचं. ८० सेंटिमीटर लांब आणि १६०० क्षेत्रफळाच्या पंखाचा रेशो ४ येतो. हा पंख आखूड आणि रुंद असतो. तो हळू वेगातही टिकतो आणि चूक पोटात घालतो. १०० सेंटिमीटर लांब आणि १००० क्षेत्रफळाचा पंख घेतला तर रेशो १० होतो. असा लांब, निमुळता पंख खूप लांबवर घसरत जातो, पण त्याला सतत वेग लागतो. वेग कमी झाला की तो अचानक उचल सोडतो. सुरुवातीला ४ ते ६ च्या आसपासचा रेशो बरा.

मास्ट: लांब की आखूड?

आखूड मास्टवरून पडलं तर उंची कमी असते, त्यामुळे शिकताना भीती कमी वाटते. पण थोडी लाट आली की बोर्ड पाण्यावर आपटतो. लांब मास्ट लाटांत आणि जोरदार वळणांत उपयोगी पडतो. पंख पाण्याबाहेर आला तर त्यावर हवा ओढली जाते आणि उचल एका क्षणात संपते. मास्ट लांब असेल तर हा धोका कमी असतो.

काइटफॉइल शिकवताना अनेक शाळा ४५ ते ६० सेंटिमीटरच्या मास्टने सुरुवात करतात. विंगफॉइलला ७० ते ८५ ठीक. आयक्यूफॉइलचा मास्ट ९५ चा असतो.

अॅल्युमिनियमचा मास्ट स्वस्त आणि दणकट, पण जड. कार्बनचा हलका आणि ताठ, पण महाग. शिकताना अॅल्युमिनियमने काही बिघडत नाही.

कोणत्या खेळाला काय?

विंगफॉइल: हातात फुगवलेला विंग, पायाखाली बोर्ड. ७०-८० किलो वजनाच्या नवशिक्याला १८०० ते २२०० चा पंख आणि १५-२० नॉट वाऱ्यात ५ चौरस मीटरच्या आसपासचा विंग लागतो. बोर्डचं आकारमान लिटरमध्ये मोजतात. स्वतःच्या किलोमधल्या वजनात ३० ते ४० मिळवायचे, म्हणजे ७५ किलोच्या माणसाला १०५ ते ११५ लिटर. एवढा बोर्ड उभं राहूनही तरंगतो.

काइटफॉइल: पतंग जोरात ओढतो, त्यामुळे पंख लहान चालतो. सुरुवातीला १००० ते १६०० पुरेसा होतो. मात्र आधी साध्या बोर्डवर पतंग नीट हाताळता यायला हवा. एकाच वेळी दोन्ही शिकणं धोक्याचं.

विंडफॉइल: शीड बोर्डलाच जोडलेलं असतं. विंडसर्फिंग येणाऱ्यांना हा सोपा रस्ता. बोर्ड रुंद असतो. आयक्यूफॉइलचा २२० बाय ९५ सेंटिमीटरचा.

सर्फफॉइल: इथे लाटच ढकलते. बोर्ड छोटा, मास्ट ६५ ते ७५. सुरुवात छोट्या, मऊ लाटांवर आणि गर्दीपासून लांब करावी, कारण सुटलेला फॉइल शेजारच्याला कापू शकतो.

पंपफॉइल: वारा नाही, लाट नाही, धक्क्यावरून उडी मारायची आणि पायांनी पंप करत राहायचं. त्यासाठी मोठा आणि लांबट पंख लागतो. दिसायला मजेशीर, पण दम काढणारा प्रकार.

ई-फॉइल: मास्टवर मोटर, बोर्डमध्ये बॅटरी, हातात रिमोट. तोल शिकायला सगळ्यात सोपा, पण महाग आणि उचलायला जड. अनेक जण विकत न घेता एक-दोन तास भाड्याने घेऊन फॉइलची सवय करून घेतात.

टप्प्याटप्प्याने बदल

पहिल्या टप्प्यात मोठा पंख, तरंगणारा बोर्ड आणि मध्यम मास्ट. न पडता दोन्ही दिशांना जाता आलं आणि वळणं जमू लागली की विंगफॉइलमध्ये १२०० ते १६०० चा पंख घेता येतो. ६०० ते १००० चे पंख वेगाची भूक असलेल्या अनुभवी लोकांसाठी. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी. पंख आणि बोर्ड एकदम बदलले, तर नेमकं काय बिघडलं ते कळत नाही. वजन ९० किलोच्या वर असेल तर वरचे आकडे वाढवावेत, ५५ च्या खाली असेल तर कमी करावेत.

जुना फॉइल घेताना

एका कंपनीचा पंख दुसऱ्या कंपनीच्या फ्युसेलाजवर बहुधा बसत नाही. म्हणून ज्या कंपनीचे मोठे-छोटे पंख सहज मिळतात, तिचाच संच घ्यावा. मास्ट बोर्डला कसा जोडला जातो तेही पाहावं. बहुतेक विंग आणि सर्फ बोर्डवर दोन समांतर खाचा असतात, तर विंडफॉइलमध्ये टटल बॉक्स ही वेगळी पद्धत आढळते. स्क्रूची भोकं झिजलेली नाहीत ना आणि मास्ट हलवल्यावर खुळखुळत नाही ना, हे तपासावं. खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियम, स्टील आणि कार्बन एकमेकांना चिकटून राहिले की गंज चढतो आणि स्क्रू कायमचे अडकतात. म्हणून वापरानंतर गोड्या पाण्याने धुणं, भाग सुटे करणं आणि स्क्रूला ग्रीस लावणं गरजेचं.

हे कधीच विसरू नये

पंखाच्या कडा धारदार असतात. हेल्मेट, जाड इम्पॅक्ट व्हेस्ट आणि बोर्डची दोरी यांचा खर्च आधी, कार्बनचा नंतर. पडताना बोर्डपासून लांब पडावं. फॉइलवर झेपावू नये.

पाण्याची खोलीही पाहावी. मास्ट ८५ चा असेल तर छातीएवढं पाणी हवंच. गोव्यात मोरजीजवळ चापोरा नदीच्या मुखाशी काइटसर्फिंग चालतं. अशा नदीमुखांवर वाळूचे दांडे असतात आणि ओहोटीला ते वर येतात. भर वेगात पंख वाळूत रुतला की माणूस पुढे फेकला जातो. कोकण किनाऱ्यावर मासेमारीची जाळी आणि दोऱ्याही असतात, म्हणून पाण्यात उतरण्याआधी स्थानिक मच्छीमारांना विचारणं शहाणपणाचं.

थोडक्यात, चांगला फॉइल म्हणजे सगळ्यात महाग फॉइल नव्हे. आजच्या वजनाला, आजच्या वेगाला आणि आजच्या कौशल्याला जो पेलतो, तोच चांगला. छोटा पंख पुढच्या हंगामातही घेता येतो. पहिल्याच दिवशी झालेली दुखापत मात्र हंगामच बुडवते.